शनवार तेल्यांची कुळकथा

आपल्याकडे घराण्याचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे साधने तीन. सनदा आणि कैफियती हे पहिले, नाशिक-त्र्यंबक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे दुसरे, आणि घरातील वृद्धांच्या तोंडची माहिती हे तिसरे. ह्या तिहींच्या आधारे गेल्या शतकात कितीतरी कुलवृत्तांत सिद्ध झाले, आणि मूळ पुरुष अमुक गावाहून अमुक पेशव्याच्या कारकीर्दीत देशावर आला, हे वाचून आपण सारे धन्य झालो. पण ज्याला सनद नाही, जो गोदेवर पिंडदानास जात नाही आणि ज्याच्या वाडवडिलांनी तिळाच्या घाण्यापलीकडे कसलीही दौलत मिळविली नाही, अशा माणसाने आपले कुळ कोठे शोधावे? हा प्रश्न वरवर पाहता पंडिती वाटेल. परंतु १९६२ साली काही मराठी बोलणाऱ्या कुटुंबांपुढे तो अगदी कायद्याच्या भाषेत येऊन उभा राहिला, व त्याच्या उत्तरावर मुलामुलींची लग्ने अडली. त्या प्रसंगाकडे आम्ही पुढे येऊच.

आरंभी एक परदेशचे उदाहरण देतो. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी केप ऑफ गुड होप येथे डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ साली ठाणे घातले, आणि १६५७ साली आपल्या काही नोकरांस मोकळे करून जमिनी नांगरावयास दिल्या. हे जे डच शेतकरी, त्यांचा वंशज आज आपले कुळ दहा-बारा पिढ्या मागे सहज नेऊ शकतो. कारण कंपनीने त्यांची गणती ठेवली: कुटुंबात माणसे किती, गुरे किती, द्राक्षाचे वेल किती, गहू किती पिकला. देवळात बाप्तिस्म्याची नोंद झाली ती वेगळीच. ह्या सामग्रीवरून द व्हिलिये नावाच्या गृहस्थाने जुन्या केप घराण्यांची वंशावळ जुळविली, व ती १८९३-९४ साली प्रसिद्ध झाली. कंपनीने हे लिहिले ते शेतकऱ्याच्या प्रेमाने नव्हे, तर कराच्या लोभाने. परंतु इतिहासाला हेतूशी कर्तव्य नसते, शाईशी असते. त्याच शेतावर राबणाऱ्या गुलामांची स्थिती मात्र निराळी. त्यांत हिंदुस्थानातून विकत नेलेले पुष्कळ होते, आणि कागदावर त्यांची ओळख ‘बंगालचा अमका’, ‘मलबारचा तमका’ एवढीच. बापाचे नाव हरवले म्हणजे माणसाजवळ गावाचे नाव तेवढे उरते. हे ध्यानात ठेवून आपण आपल्या किनाऱ्याकडे वळू.

मुंबईहून लाँचीत बसून मांडव्याच्या धक्क्यावर उतरले म्हणजे दक्षिणेकडे सासवणे, आवास, किहीम, थळ, नवगाव अशी नारळी-पोफळींत दडलेली गावे लागतात. किंचित आत झिराड. ह्या गावांची नावे मुंबईच्या, आणि आता इस्रायलच्याही, कित्येक घरांच्या दारांवर आडनाव होऊन बसली आहेत: आवासकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर. ही बेने इस्रायल लोकांची आडनावे होत. खाली गेले म्हणजे चेऊलकर, दिवेकर, राजपूरकर. आत वळले म्हणजे पेणकर, रोहेकर, अष्टमकर. कुलाबा जिल्ह्याचा नकाशा हरवला तर ह्या समाजाच्या लग्नपत्रिकांवरून तो पुन्हा काढता येईल, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अर्थात ‘कर’ हा प्रत्यय ही काही एका जातीची मिरास नव्हे. आडनाव गाव सांगते, कूळ सांगत नाही.

ह्या लोकांचा जुना धंदा तेल गाळण्याचा. जोडीला थोडी शेती आणि नारळाची वाडी. आठवड्यातून सहा दिवस घाणा फिरे व शनिवारी बैल गोठ्यात उभा राही. म्हणून शेजारपाजारचे त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे जे हिंदू तेली, ते ‘सोमवार तेली’. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांस त्यापलीकडे भेद कळण्याचे कारण नव्हते, आणि त्यापलीकडे जाण्याची कोणास गरजही वाटली नाही. कोणी सुट्टी शनिवारी घेतो म्हणून त्याचे तेल कमी गोड लागत नाही! दोन हजार मैलांवरच्या देशांतून ज्या लोकांस त्यांच्या धर्मापायी हाकून लावीत, त्या लोकांपैकी काही येथे शतकानुशतके तेल विकीत राहिले, आणि त्यांच्या वाटेस कोणी गेले नाही. ह्या गोष्टीची नोंद युरोपातील यहुदी विद्वानांनी आश्चर्याने केली आहे.

ते येथे आले केव्हा? त्यांची परंपरा अशी की, फार प्राचीन काळी एक गलबत नवगावाजवळ खडकावर फुटले; सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या; बाकीच्यांची प्रेते किनाऱ्यास लागली ती नवगावास पुरली, पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. नवगावास ती जागा अद्यापि दाखवितात, व तेथे आता स्मारकही उभारले आहे. पोथ्या बुडाल्या, ‘शमा इस्रायल’ एवढी प्रार्थना तोंडात राहिली. सुंता, शनिवारची विश्रांती आणि खवल्याच्या माशाखेरीज मासा न खाण्याचा नेम एवढ्याच गोष्टी टिकल्या.

सूज्ञ वाचकांस येथे दुसरी एक कथा आठवल्यावाचून राहणार नाही. परशुरामाने किनाऱ्यास लागलेल्या चौदा प्रेतांस चितेवर शुद्ध करून जिवंत केले व त्यांपासून चित्पावनांची उत्पत्ती झाली, असे सांगण्याचा प्रघात आहे. तेथेही समुद्र, तेथेही चौदा. कोणी कोणाची कथा उचलली, हा वाद पूर्वी काही मंडळींनी हिरिरीने केला. आमच्या मते तो निष्फळ आहे. वादळात गलबते फुटणे आणि प्रेते पुळणीवर येणे हा ह्या किनाऱ्याचा नित्याचा अनुभव. तेव्हा ‘आम्ही समुद्रातून आलो’ हे सांगावयाची येथली रीतच ती आहे. तीवरून शकाचा अंक काढू पाहणे म्हणजे गोष्टीकडून पावती मागण्यासारखे आहे.

ती पावती मागण्याचा मोह मात्र समाजातील पहिल्या इतिहासकारास आवरला नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर (जन्म १८३०) हे त्यांचे नाव. आडनावावरून गाव वाचकांनी ओळखलाच असेल. मुंबईत १८७५ साली त्यांनी इस्रायली मुलांसाठी शाळा काढली, आणि १८९७ साली आपल्या लोकांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो ग्रंथ छापून निघाला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, आणि तोही तेल अवीव येथे. किहीमकरांचे अनुमान असे की, राजा अँटायोकस एपिफेनीज ह्याच्या छळास कंटाळून गॅलिली प्रांतातील लोक इसवी सनापूर्वी सुमारे १७५ साली निघाले, तेच हे. अनुमान धाडसी आहे. परंतु त्या ग्रंथाचे खरे मोल ह्या अनुमानात नाहीच. म्हाताऱ्यांच्या तोंडून टिपलेल्या घरोघरच्या हकीकती, लग्नातील विधी, सणांची नावे आणि नात्यागोत्याचे तपशील, हे सारे नाहीसे होण्याच्या आत त्यांनी कागदावर आणले. सणांची नावेच पाहा: ‘नव्याचा सण’, ‘दारफळणीचा सण’, ‘शिळा सण’, ‘खिरीचा सण’, ‘बिरड्याचा सण’. हिब्रू पंचांगाचे दिवस, आणि ताटात वालाचे बिरडे! एलियाहू हानाबी ह्या प्रेषिताच्या नावाने पोहे, नारळ, साखर व फळे मांडून ‘मलिदा’ करतात, तो तर अन्य कोणत्याही देशच्या यहुद्यांत नाही. स्वर्गास जाताना प्रेषिताच्या रथाची खूण खडकावर उमटली ती अलिबागेजवळ सागावास दाखवितात. म्हणजे त्याने जेरुसलेमहून निघून कुलाब्यावरून जाणे पसंत केले.

परंपरेतील दुसरा पुरुष दावीद रहाबी. हा कोणी विद्वान यहुदी कोकणात आला. हे लोक खरोखर आपले की काय हे पाहण्यासाठी त्याने बायकांस निरनिराळे मासे एकत्र करून रांधावयास दिले. बायकांनी खवले व पर असलेले मासे तेवढे घेतले व बाकीचे बाजूस सारले. रावस-बोई एकीकडे, कोळंबी-खेकडे दुसरीकडे, असे ते दृश्य डोळ्यांपुढे आणावे. कोकणातल्या बाईने कोळंबी टाकून दिली ह्याहून भक्कम पुरावा रहाबीस तरी कोठला मिळणार? मग त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ह्या तीन घराण्यांतील पुरुषांस धर्म शिकवून काजी नेमले, आणि ते काजीपद पुढे वंशपरंपरेने चालले. किहीमकरांनी रहाबीस सुमारे नऊशे वर्षे मागे नेले आहे. उलट कित्येक संशोधक त्यास अठराव्या शतकात आणतात, आणि येथे आपल्या आरंभीच्या डच कंपनीचा पुन्हा संबंध येतो.

कोचीन तेव्हा डचांचे होते. तेथील एझिकेल रहाबी (१६९४–१७७१) हा कंपनीचा मुख्य व्यापारी, राजेरजवाड्यांशी बोलणी करणारा वजनदार यहुदी. त्याच्या मुलाचे नाव दावीद. ह्या एझिकेलने १७६८ साली हॉलंडातील बोआस नामक यहुदी सावकारास लिहिलेल्या पत्रात कोकणातील ह्या लोकांचा उल्लेख आहे: मराठ्यांच्या मुलखात विखुरलेले आहेत, तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, शनिवार पाळतात व ‘शमा’ म्हणतात, ह्यापलीकडे त्यांस धर्माचे ज्ञान नाही. त्याआधी १७३८ साली सार्टोरियस ह्या मिशनऱ्यानेही त्यांजविषयी लिहिले होते. म्हणजे ज्या कंपनीच्या वह्यांमुळे केपच्या शेतकऱ्यास पणजोबा सापडला, तिच्याच एका व्यापाऱ्याच्या पत्रात नवगावच्या तेल्याची ओळख पटते. फरक इतकाच की, शेतकऱ्याचे नाव गुरांच्या संख्येसह आले, आणि तेल्याचे नावच आले नाही.

मग आपल्या दप्तरांत ते सापडू नये काय? येथे अडचण निराळीच आहे. ह्या लोकांनी नावेही मराठी वळणाची करून घेतली होती. अब्राहमचा आबाजी झाला, बेंजामिनचा बुनाजी, सॅम्युएलचा सामाजी. कारकुनाने खर्ड्यात ‘आबाजी, मौजे किहीम, घाणा १’ अशी नोंद केली असेल तर ती मराठा तेल्याची की इस्रायलाची, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. खुद्द अलिबागचे नाव घ्या. कोणा धनिक अलीने विहिरी व बागा केल्या म्हणून ते पडले, असे म्हणतात. १८८३च्या गॅझेटियराने हा अली मुसलमान ठरविला. बेने इस्रायल म्हणतात, तो आमचा. नावावरून निवाडा करू जाल तर दोघांचाही दावा टिकतो! एखाद-दुसरा मनुष्य मोठ्या पदास चढला तेव्हा मात्र कुळ उजेडात येते. आंगऱ्यांच्या आरमारात चुरीकर घराण्यातील आरोन ह्यास नाईकी व इनाम मिळाल्याची हकीकत आहे. दिवेकर कुटुंब १७४६च्या सुमारास मुंबईस गेले. त्यांतील सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीत चढला, टिपूच्या कैदेतून सुटला, आणि १७९६ साली त्याने मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधविले. अलिबागेस प्रार्थनामंदिर झाले ते १८४८ साली. हल्लीची इमारत १९१०ची. तेथून पुढे लग्नाच्या नोंदी व मराठी अक्षरांचे थडग्यांचे दगड ही खात्रीची साधने सुरू होतात. त्यामागे काळोख.

आणि नेमका तो काळोखच १९६२ साली त्यांच्यापुढे मांडण्यात आला. इस्रायलचे राज्य १९४८ साली स्थापन झाले व हजारो बेने इस्रायल तिकडे गेले. तेथील मुख्य धर्माधिकाऱ्यांनी लग्ने नोंदविणाऱ्यांस असा आदेश दिला की, ह्या समाजातील वधू वा वर आल्यास त्याच्या मातेचे कुळ जितके मागे नेता येईल तितके तपासावे. मातेचे! ज्या कागदांत बापाचेही नाव धड नाही, त्यांत आईच्या आईचे शोधावयाचे. किहीमच्या घाण्यावर बैल हाकणाऱ्या पणजीचा दाखला कोणत्या कचेरीत मिळणार? गंमत अशी की, हा समाज स्वतःही कुळाबाबत निष्काळजी नव्हता. ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन वर्ग करून, मिश्र विवाहाच्या संततीशी रोटीबेटीव्यवहार न करण्याचा कडवेपणा तो पिढ्यान्‌पिढ्या आचरीत आला होता. शेजाऱ्यांपासून शिकलेली विद्या ती. तीच आता त्यांजवर उलटली. लोक जेरुसलेमेत धरणे धरून बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने, बेने इस्रायल हे सर्वतोपरी यहुदी असून इतरांहून त्यांत कोणताही भेद नाही, असे जाहीर केले. तेव्हा धर्माधिकाऱ्यांस आदेशातून ह्या समाजाचे नाव काढावे लागले.

अलीकडे रक्ताची परीक्षा करणारे शास्त्रज्ञ ह्या शोधात उतरले आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ बेने इस्रायल व्यक्तींची जनुके तपासली. पश्चिम आशियातील यहुदी व येथील हिंदी, अशी दोन्ही पूर्वजांची खूण तीत सापडली. हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे अदमासे ६५० ते १०५० वर्षांपूर्वी झाला. आणि बाहेरून आलेल्यांत पुरुषांचा व येथल्यांत स्त्रियांचा वाटा अधिक. बाराव्या शतकाच्या अखेरीस मैमोनिदीज ह्या यहुदी पंडिताने, हिंदुस्थानातील यहुद्यांस शनिवार व सुंता ह्यांखेरीज काही ठाऊक नाही, असे लिहून ठेवले आहे, त्याच्याशी हा काळ जुळतो. किहीमकरांचा १७५चा आकडा ह्याने सिद्ध होत नाही. पण गलबताच्या कथेतील परदेश मात्र खरा ठरतो. सात जोडप्यांपैकी सात स्त्रियांविषयी आमच्या मनात जी शंका होती ती ह्याने बळावली. झिराड-आवासच्या मुलीच त्या घरांत सुना म्हणून गेल्या असाव्यात, आणि त्यांनीच शनिवारी चूल न पेटविण्याचा सासरचा नेम लेकींस शिकविला असावा.

झिराडचे नाव पुढे सर्वांस परिचित झाले ते डॉक्टर जेरुशा झिराड (जन्म १८९०) ह्यांच्यामुळे. विलायतेत प्रसूतिशास्त्राची उच्च पदवी मिळवून त्यांनी मुंबईच्या कामा रुग्णालयाचा कारभार पाहिला, आणि १९६६ साली त्यांस पद्मश्री मिळाली. एझिकेल रहाबीच्या पत्रात ज्यांस अडाणी म्हटले, त्यांनीच १८४६ साली वल्हांडणाच्या रात्रीची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत छापली, व पुढे बायबलातील कथांवर मराठी कीर्तने रचली. इस्रायलात गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ ह्या नावाचे मराठी नियतकालिक चालविले. मांडव्यापासून नवगावापर्यंतच्या वाड्यांत आता त्यांची घरे क्वचितच राहिली आहेत. बैलाचे घाणेही गेले. मात्र तिकडील टपालवाल्यास अद्यापि एखाद्या दारावर हिब्रू अक्षरांत, उजवीकडून डावीकडे, ‘किहीमकर’ असे वाचावे लागते.