दाराबाहेर बसलेल्या बायका

टीव्हीवर कुठल्या तरी युद्धाची चर्चा लागली की आमच्या गटातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "हे आपल्या कामाचं नाही, मालिका लावा." पडद्यावर नकाशा असतो, तज्ज्ञ बोलत असतात, पण कुणाची चूल विझली, हे त्यात क्वचितच येतं. म्हणून आज आम्ही एका अशा बैठकीची गोष्ट सांगणार आहोत, जिच्या दारात बायका बसल्या आणि हलल्याच नाहीत.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लायबेरिया हा छोटा देश आहे. तिथं १९८९च्या डिसेंबरात चार्ल्स टेलरनं बंड केलं आणि यादवी पेटली. पुढं १९९७ साली तोच निवडणूक जिंकून अध्यक्ष झाला. दोन वर्षांत त्याच्याविरुद्ध नवे बंडखोर उठले. दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसं मेली. कोवळ्या पोरांच्या हाती बंदुका आल्या, बायकांवर अत्याचार झाले.

२००३च्या एप्रिलमध्ये राजधानी मनरोव्हियाच्या मासळी बाजारापाशी बायका रोज येऊन बसू लागल्या. अंगावर पांढरे कपडे, दागिना एकही नाही. लेमा ग्बोवी ही त्यांच्यातली एक पुढारी. ख्रिस्ती आणि मुसलमान बायका एकत्र होत्या. त्यांचं म्हणणं होतं, गोळी धर्म विचारून लागत नाही. टेलरच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्यानं जायचा. शेवटी त्याला त्यांना भेटावं लागलं. वाटाघाटींना जायचंही त्यानं कबूल केलं.

त्या वाटाघाटी जूनमध्ये पश्चिम आफ्रिकेतल्याच घाना देशात सुरू झाल्या. सरकारची माणसं, बंडखोर आणि मध्यस्थ हॉटेलात उतरले. आठवड्यामागून आठवडे गेले. कुणाला कुठलं खातं मिळणार, यावर घासाघीस चालू होती, आणि तिकडे मनरोव्हियात घरांवर तोफगोळे पडत होते. बायकांना त्या टेबलाशी जागा नव्हती. मग जुलैत त्या बैठकीच्या दारातच हातात हात गुंफून बसल्या. तोडगा निघेपर्यंत कुणाला बाहेर सोडणार नाही, म्हणाल्या. पहारेकरी ग्बोवीला अटक करायला आले, तेव्हा ती अंगावरचे कपडे काढायला लागली. आईला उघडं पाहणं हा त्या भागात मोठा शाप मानतात. पहारेकरी थबकले. मुख्य मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर. त्यांनी बायकांचं ऐकून घेतलं.

११ ऑगस्टला टेलरनं सत्ता सोडली, १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. हे एकट्या बायकांमुळे झालं, असं आम्ही म्हणणार नाही. बंडखोर राजधानीत घुसले होते, पश्चिम आफ्रिकेतल्या देशांचं सैन्य आलं होतं, बाहेरून दबाव होता. पण आत रेंगाळलेल्या बोलण्याला घाई लावली ती दारातल्या बायकांनी. नंतर त्यांनी घरोघर जाऊन बायकांची नावं मतदार यादीत घातली. २००५च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सरलीफ जिंकल्या. आफ्रिकेत निवडणुकीनं अध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या महिला. २०११ सालच्या शांततेच्या नोबेलच्या मानकऱ्यांत त्या आणि ग्बोवी या दोघीही होत्या.

यात आपल्या देशाचाही धागा आहे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांची पहिली महिला पोलीस तुकडी लायबेरियात उतरली, ती भारताची होती. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभराहून जास्त बायका तिथं गस्त घालत होत्या, अध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा देत होत्या.

मैत्रिणींनो, तज्ज्ञांचं ज्ञान लागतंच. पण युद्धात पाणी कुठून आणायचं, पोर कुठं लपवायचं, हे ज्या बाईला ठाऊक असतं तिचंही ज्ञानच असतं. आपल्याकडे ग्रामसभेत आपण कुठं बसतो, ते आठवून बघा. पुढच्या वेळी टीव्हीवर नकाशा दिसला, तर चॅनल बदलण्याआधी एवढं विचारू या: टेबलाशी कोण बसलंय, आणि दाराबाहेर कोण राहिलंय?