घोडनदीला उतार पडतो तेव्हा

महाराष्ट्रात शिरूर नावाची गावं इतकी आहेत की एसटीच्या पाटीवर नुसतं 'शिरूर' लिहून भागत नाही. बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद. पुणे-नगर रस्त्यावरच्या शिरूरला म्हणून नदीचं नाव जोडलं जातं. जुनी माणसं तर शिरूर म्हणतच नाहीत. "घोडनदीला चाललोय," म्हणतात. गावाला नदीचं नाव पडणं आपल्याकडे तसं दुर्मीळच. बहुतेक वेळा नदी गावामागून वाहते आणि गाव तिच्याकडे पाठ करून वाढतं.

ही नदी शिरूरची नव्हेच. ती डोंगरातली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, आहुपे-भीमाशंकरच्या जंगलाकडे तिचा उगम. घोडेगावाकडून खाली येता येता मीना आणि कुकडी तिला मिळतात. शिरूरला पोचेपर्यंत डोंगर मागे राहिलेला असतो आणि पाऊसही. हा तालुका पर्जन्यछायेतला. आषाढात इथल्या आभाळात नुसतेच ढग पळत असतात आणि नदी मात्र दुसऱ्याच्या पावसाने गढूळ होऊन दुथडी वाहते. मग भाद्रपद सरतो, डोंगरातला पाऊस ओसरतो, पाणी निवळतं, काठाचे खडक उघडे पडतात. आश्विनात घोडनदी बघायला यावं ते यासाठी. पाणी संथ असतं, ऊन कडक असलं तरी सकाळी हवेत किंचित गारवा असतो, आणि पुलावरच्या ट्रकची घरघर सोडली तर काठावर फारसा आवाज नसतो.

दोनशे वर्षांपूर्वी इथे याच दिवसांत सगळ्यात जास्त गोंगाट असायचा.

याचं कारण एका शब्दात आहे: उतार. पुलांच्या आधीच्या काळात नदीला उतार पडणं, म्हणजे ती पायी किंवा घोड्यावरून ओलांडता येणं, ही राजकारणातली घटना होती. पावसाळ्यात फौजा छावणीत बसून राहायच्या. घोडे, बैल, तोफा चिखलातून आणि पुरातून नेणार कशा? दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ते एरवीच नाही. आपण आपट्याची पानं वाटून मोकळे होतो, पण मराठी फौजेसाठी तो मोहिमेचा पहिला दिवस असे. शेतात बाजरी तयार झालेली, म्हणजे माणसांना दाणा आणि जनावरांना वैरण मिळणार. नद्यांना उतार पडलेला. शरद ऋतू कवितेत चांदण्याचा असेल, इतिहासात तो स्वारीचा आहे.

हे इंग्रजांनाही फार लवकर कळलं. 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई अभ्यासक्रमात एका ओळीत येते. तिच्यातली एक गोष्ट मात्र नद्यांच्या माणसांनी लक्षात ठेवावी अशी आहे. शिंदे-भोसल्यांची फौज कैलना नदीपलीकडे उभी होती. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, जवळपास दुसरा उतार नाही. त्याला मात्र दुर्बिणीतून नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. त्याने ताडलं, इतकी जवळ दोन गावं आहेत म्हणजे मध्ये येण्याजाण्याची वाट असणारच. वाट निघाली. त्याची फौज पार झाली, आणि पुढे जे झालं ते झालं. मला या गोष्टीत वेलस्लीच्या हुशारीपेक्षा त्या दोन गावांचं नवल वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या लेकीबाळी, बैलबाजार, दळण यांच्यासाठी मळलेली पायवाट एका दुपारी तोफखान्याच्या कामी आली.

असईत एका ब्रिगेडचं नेतृत्व करणारा विल्यम वॉलेस नावाचा अधिकारी होता. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

वसईचा तह झाला 31 डिसेंबर 1802 ला. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पदरी घ्यायचं कबूल केलं. त्या फौजेने पुढे तळ दिला तो शिरूरला. पुण्याहून साधारण 67 किलोमीटर, म्हणजे पेशव्यांच्या डोळ्यांसमोर नाही, पण दोन-चार मजलांत पुण्याच्या वेशीवर येता येईल इतकं जवळ. नगरचा किल्लाही हाताशी. बारमाही म्हणावं असं पाणी, भोवती मोकळं माळरान. नकाशावर बोट ठेवून बघा, जागा निवडणाऱ्याला व्यवहार कळत होता. नदीकाठच्या गावाची लष्करी छावणी झाली, आणि इंग्रजी कागदांत 'सिरूर' हे नाव सारखं येऊ लागलं.

1817 चा दसरा 19 ऑक्टोबरला आला. पुण्यात बाजीरावाच्या फौजा जमत होत्या आणि रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या मोजत होता. 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. शिरूरच्या बाजूने जनरल स्मिथ पुण्यावर चालून आला, नोव्हेंबरच्या मध्याला पुणं पडलं. ऋतू अजून हेमंतात शिरला होता न होता तोच मराठी राज्याची राजधानी गेली.

मग 31 डिसेंबर. पुण्याच्या इंग्रजी फौजेला कुमक हवी होती म्हणून कॅप्टन स्टाँटन रात्री आठच्या सुमारास शिरूरहून निघाला. बरोबर मुंबई पायदळाची एक पलटण, अडीचशेच्या आसपास घोडेस्वार आणि दोन तोफा, सगळे मिळून सुमारे आठशे माणसं. रात्रभर चालून सकाळी दहाला ती कोरेगावजवळच्या उंचवट्यावर आली, तेव्हा भीमेपलीकडे पेशव्यांची प्रचंड फौज दिसली. पुढचा दिवस तुम्हाला माहीत आहे, निदान त्यावरून चालणारे वाद तरी माहीत आहेत. त्या वादांत एक साधी गोष्ट हरवते: तहान. रात्रभर चाललेले शिपाई दिवसभर गावाच्या भिंतीआडून लढत होते, भीमा हाकेच्या अंतरावर होती आणि पाणी मिळत नव्हतं. संध्याकाळ उलटून गेल्यावर कुठे ते मिळालं. 2 जानेवारीच्या रात्री उरलेली फौज माघारी निघाली आणि 3 तारखेच्या सकाळी ताशे वाजवत, निशाणं उभारून शिरूरात शिरली, असं ग्रँट डफने नोंदवलंय. जखमी बरोबर होते, माणसं उपाशी होती, आणि ताशे वाजत होते.

त्या लढाईची आठवण शिरूरला राहिली नाही. ती कोरेगावला गेली. 1821 मध्ये तिथे स्तंभाची पायाभरणी झाली, त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली गेली. त्यांतली बावीस नावं 'नाक' या महार नावांच्या शेवटाची. 1 जानेवारी 1927 ला डॉ. आंबेडकर तिथे गेले, आणि इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारलेल्या दगडाचा अर्थच बदलला. आज दर वर्षी लाखो लोक तिथे येतात. ज्या छावणीतून ती माणसं निघाली, तिथे मात्र कुणी थांबत नाही. बस शिरूरला दहा मिनिटं उभी राहते, तेवढंच.

शिरूरने स्वतःसाठी ठेवला तो वेगळाच माणूस. मघाचा वॉलेस.

कर्नल वॉलेस 1809 मध्ये शिरूरच्या छावणीत वारला आणि त्याला तिथेच पुरलं. कोरेगावच्या आधी आठ-नऊ वर्षं, म्हणजे पेशवाई बुडताना त्याने पाहिलीही नाही. 1885 च्या पुणे गॅझेटियरमध्ये शिरूरचं वर्णन वाचताना एकदम ठेच लागते, कारण सरकारी दप्तराच्या त्या कोरड्या भाषेत असं लिहिलंय की गावकरी या कर्नलला 'सत्पुरुष' म्हणतात. ब्राह्मण आणि मारवाडी सोडले तर शिरूर आणि आसपासच्या गावांतले सगळे हिंदू त्याच्या कबरीला भजतात. सुगी झाली की पहिलं धान्य नैवेद्य म्हणून तिथे आणून ठेवतात. मरून पाऊणशे वर्षं झाल्यावरची ही नोंद.

इथे घाई करायला नको. 'गुलामी मानसिकता' असं म्हणून मोकळं होता येईल, तसंच 'बघा, इंग्रज किती न्यायी होते' असंही म्हणता येईल. दोन्ही सोपी उत्तरं आहेत. या भागातलं कुठलंही गाव घ्या. वेशीवर वीरगळ असतो, कुठल्याशा लढाईत किंवा गुरं वाचवताना पडलेल्या माणसाचा. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, तरी शेंदूर लागलेला असतो. शेताच्या बांधावर म्हसोबा असतो, माळावर वेताळ. यांच्यापैकी कुणाचा धर्म, वंश, कर्तृत्व कुणी विचारलेलं नसतं. त्यांचं काम राखण करण्याचं. जो हत्यार बाळगत होता, जो घरापासून दूर मेला, ज्याचं पिंडदान करायला इथे कुणी नाही, तो गावच्या हद्दीत राहून जातो. आणि राहिलाच आहे तर त्याला दाणा घालावा आणि राखणीला बसवावं. वॉलेसला गावाने साहेब म्हणून पुजलं नाही. आपल्या जुन्या नियमात बसवून त्याला कामाला लावलं.

नैवेद्य द्यायची वेळही बघा. सुगी. म्हणजे आश्विन-कार्तिक. जी बाजरी पूर्वी फौजेच्या वैरणीत जायची, तिचं पहिलं कणीस एका मेलेल्या फौजियापुढे. हे सुचलं कुणाला, ते गॅझेटियरला कळणं शक्य नव्हतं.

छावणी पुढे आटत गेली. कोरेगावात लढलेल्या घोडदळाची परंपरा 'पूना हॉर्स' या नावाने अजून चालू आहे. 1965 ला तारापोर आणि 1971 ला अरुण खेत्रपाल हे परमवीरचक्राचे दोन मानकरी त्याच रेजिमेंटचे. पण तिची घरं, तिचे रणगाडे, सगळं दूर कुठेतरी. शिरूरला गप्प केलं ते लष्कर गेल्याने जितकं, तितकंच रेल्वेने.

1858 मध्ये पुण्याहून पुढे निघालेला रूळ भीमाकाठाने दौंडकडे वळला आणि सोलापूरची वाट धरून गेला. नगरकडे जायचं तर शिरूरच्या सडकेनेच जावं लागे, तेवढा आधार उरला होता. तोही गेला. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात भुकेल्या माणसांना काम म्हणून दौंड-मनमाड मार्ग बांधायला घेतला. पोट हातावर असलेल्या माणसांनी माती वाहिली, आणि 1878 मध्ये दौंड, नगर, मनमाड अशी गाडी सुरू झाली. नकाशावर हा मार्ग शिरूरला अलगद वळसा घालतो. मुंबई, मद्रास आणि उत्तर हिंदुस्थान यांना जोडणारं जंक्शन दौंड झालं. इंग्रज त्याला 'धोंड' लिहायचे. रात्री-अपरात्री चहा, इंजिन उलट्या बाजूला जोडण्याची खटपट, शिट्ट्या, हे सगळं दौंडच्या वाट्याला आलं. (आता तिथेही कॉर्ड लाइन झाल्यापासून काही गाड्या मुख्य स्टेशनात शिरतच नाहीत. वळसा घालणाऱ्यालाही कधीतरी वळसा मिळतो.) दोन गावं, दोन नद्या. घोड पुढे दौंड भागातच भीमेला मिळते, पण एका गावाला रूळ मिळाला आणि दुसऱ्याला शांतता.

ही शांतता आता कितपत उरली आहे, हा प्रश्न आहेच. रांजणगावची एमआयडीसी पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, आणि पुणे-नगर रस्त्यावरची वाहतूक बघितली की वाटतं, रेल्वे न आल्याचा सूड रस्ता घेतोय. नदीचंही तसंच. वर डिंभ्याला धरण आहे, हुतात्मा बाबू गेनू सागर, आणि खाली चिंचणीला घोड धरण. आता घोडनदीला उतार पडतो तो डोंगरातला पाऊस थांबला म्हणून नव्हे, वरून किती पाणी सोडलं यावर. कालव्याच्या पाण्याने ऊस आला. बाजरी अजून आहे, पण उसाला सुगी नसते, गळीत हंगाम असतो. कारखान्याची गाडी येते आणि तोडून नेते. पहिलं कणीस देता येतं, पहिलं टिपरू कुणी कुणाला देत असेल असं वाटत नाही.

इकडे आलातच तर टाकळी हाजीपर्यंत जा. कुकडीच्या पात्रात, पलीकडे निघोज, पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. पावसाळ्यात ते दिसत नाहीत, उन्हाळ्यात ते कोरडे. आश्विनात पाणी उतरलेलं असतं आणि खळगे भरलेले असतात, एकेकात आभाळ दिसतं. मग परत शिरूरला या, संध्याकाळी नदीवर बसा. फार वेळ नाही बसता येणार. अंधार पडायला लागला की कुणीतरी येऊन सांगेलच: उसाच्या कडेने जाऊ नका, बिबट्या आहे, हातात बॅटरी ठेवा आणि बोलत चला.