राबापासून गादीवाफ्यापर्यंत

आज आपल्या भातशेतीच्या इतिहासाबद्दल बोलू.

शहापूर-मुरबाडात भाताची जुनी रीत आपल्याला पाठच आहे. उन्हाळ्यात रानातून कवळ तोडायची. शेण, कवळ, पालापाचोळा, गवत, वर माती असे थर देऊन राब भाजायचा. त्यावर रोप तयार करायचे, मग चिखळणी, मग आवणी. डोक्यावर भारे वाहणाऱ्या आणि आवणीला दिवसभर वाकणाऱ्या बहुतेक आपणच, आपल्या आया-आज्याच.

याच राबावरून इंग्रजांच्या काळात मोठा वाद झाला. 1878 च्या वन कायद्यानंतर सरकारचा रानावरचा ताबा घट्ट झाला, कवळ तोडण्यावर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, इथले शेतकरी तक्रार करू लागले. सरकारने 1885 मध्ये चौकशीसाठी आयोग नेमला, 1887 मध्ये अहवाल आला. राब हा त्यातला मोठा विषय होता. शेतकऱ्यांचे म्हणणे साधे होते: राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही.

राबाशिवायही भात होतो, हे आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात दिसले. नेरळच्या सगुणा बागेचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी 2011 च्या सुमारास सगुणा भात तंत्र, म्हणजे एसआरटी, पुढे आणले. गादीवाफे एकदाच करायचे. साच्याने 25 सेंटीमीटर अंतरावर खुणा करून त्यात बी टोकायचे. राब नाही, चिखळणी नाही, आवणी नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच कुजू द्यायची. त्यातून गांडुळे वाढतात, माती भुसभुशीत होते. पुढे न नांगरता त्याच वाफ्यावर वाल किंवा हरभरा घेता येतो.

पण दोन गोष्टी आपणच विचारायला हव्यात. या पद्धतीत तणासाठी तणनाशक मारतात. मग बांधावरच्या रानभाज्यांचे काय? फवारणी कोण करणार? दुसरे, ज्यांना स्वतःची जमीन नाही त्यांची आवणीची मजुरी जाईल. त्यांना गटाने कोणते काम द्यायचे?

जुन्या वादात बायांना कुणी फारसे विचारले नाही. आता निर्णय आपल्या गटाच्या बैठकीत होऊ द्या. आधी एकीच्या दोन गुंठ्यांवर करून बघा, खर्च आणि उत्पन्न वहीत लिहा, मगच पुढे जा.