औषधवाल्याचा तराजू



आमचा व्यवसाय हमालांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या सभा भरवण्याचा, बोनसाचे तंटे लढवण्याचा. औषधशास्त्र आम्ही कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. जे थोडेबहुत वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाची माणसे निघून गेल्यावर. तेव्हा वेदनाशमनाचा इतिहास सांगायला हा गृहस्थ कशाला उभा राहिला, असे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. त्याचे कारण आधी सांगून टाकतो.

२०११ साली आमचा एक सभासद तोंडाच्या कर्करोगाने घरी अंथरुणाला खिळला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याला मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. गावातल्या एकाही दुकानात त्या मिळेनात. त्याची बायको आमच्याकडे आली आणि म्हणाली, "भाऊ, मुंबईला कुणाला धाडता येईल का?" आम्ही चिठ्ठी वाचली आणि तिलाच व्याख्यान दिले. "वहिनी, ही अफूच आहे. माणूस तिच्या आहारी गेला म्हणजे मग काय कराल?" ती काही बोलली नाही. पुढे तीन आठवडे त्या घरातून ओरडणे ऐकू येत होते. मग ते थांबले. त्यानंतर काही महिन्यांनी एका रुग्णालयातल्या औषधनिर्मात्याने आम्हांला बसवून घेऊन दोन तास समजावले, तेव्हा कुठे आम्ही काय केले ते कळले. त्या दिवसापासून आम्ही हा विषय वाचू लागलो.

अफूने दुखणे थांबते हे मनुष्याला हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. बोंडाला चीर द्यावी, पांढरा चीक पाझरावा, तो वाळून काळा व्हावा आणि खरवडून घ्यावा, इतके साधे काम. अडचण होती ती मापाची. एका शेतातली अफू कडक, दुसऱ्या शेतातली सौम्य. त्यात व्यापारी भेसळ करणार. वैद्याने कालच्याइतकीच गोळी आज दिली तरी काल रोगी तळमळत राहिला आणि आज उठलाच नाही, असे होई. औषध हातात होते, पण त्याचा हिशेब कोणाला ठाऊक नव्हता.

हा हिशेब लावला तो कोणा मोठ्या प्राध्यापकाने नव्हे. जर्मनीत पाडरबोर्न येथे फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाचा एक तरुण औषधाच्या दुकानात उमेदवारी करीत होता. त्याचा जन्म १७८३ चा. वडील लवकर वारले आणि सोळाव्या वर्षी तो खलबत्त्याशी बसला. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते. १८०४-०५ च्या सुमारास, दुकानाच्या मागल्या बाजूला, साध्या काचभांड्यांवर त्याने अफूचा अर्क काढला, त्यात अमोनिया घातला, आणि तळाशी स्फटिक बसले. ते कुत्र्यांना खाऊ घातले तेव्हा कुत्री गुंगून पडली. उरलेल्या अफूत तो गुण नव्हता. अफूतली झोप या स्फटिकांत होती.

त्या काळच्या विद्वानांचा समज असा, की वनस्पतीतून निघणारी गुणकारी द्रव्ये आम्लधर्मी असायची. हे द्रव्य तर अल्कधर्मी निघाले. उमेदवाराच्या पत्राकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. अर्थात पॅरिसमध्ये देरोझ्न आणि सेगँ हे दोघे त्याच सुमारास या वाटेवर होते, आणि पहिला मान कोणाचा यावरून पुढे वाद झाला. पण द्रव्याचा स्वभाव नेमका ओळखला तो झेर्ट्युर्नरनेच, असे आमचे मत आहे.

बारा वर्षांनी, १८१७ साली, त्याने सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्यात स्वतःवर आणि तीन कोवळ्या पोरांवर केलेला प्रयोग दिला आहे. अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, प्रत्येकाने घेतले, थोड्या वेळाने पुन्हा तितकेच, आणि पुन्हा. पाऊण तासात तीन मात्रा! आज ज्या रोग्याला हे औषध नवे आहे त्याला डॉक्टर तोंडाने पाच-दहा मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात. चौघेही मरणाच्या दारात गेले. झेर्ट्युर्नरने कडक व्हिनेगर पाजून सर्वांना ओकायला लावले आणि म्हणून ते वाचले. त्या पोरांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. कामगारांच्या चळवळीत जन्म गेलेल्या माणसाला ही गोष्ट टोचल्याशिवाय राहत नाही.

ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून या द्रव्याला मॉर्फिन हे नाव पडले. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅकने निबंधाचे भाषांतर करवून घेतले आणि मग युरोपचे कान टवकारले. १८२७ साली डार्मश्टाट येथे मेर्कने आपल्या औषधाच्या दुकानातून मॉर्फिन व्यापारी प्रमाणावर विकायला आरंभ केला. त्या दुकानाचा पुढे मोठा कारखाना झाला. १८३१ साली फ्रेंच विद्वत्संस्थेने झेर्ट्युर्नरला दोन हजार फ्रँकांचे पारितोषिक दिले. तो स्वतः हामेल्न गावी दुकान चालवीत राहिला आणि १८४१ साली वारला. त्याने जगाला दिले ते वजन करून देता येईल असे वेदनाशमन. अफू तर आधीपासून होतीच.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या काळात जर्मनीतला हा दुकानदार मिलिग्रॅमाच्या भाषेत विचार करू लागला, त्या काळात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, आणि तिच्यावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहत होत्या. पुढे गिरण्या आल्या. गिरणीत जाणारी बाई पाळण्यातले मूल कोठे ठेवणार? ती त्याला बाळागोळी द्यायची. बाळागोळी म्हणजे अफूची गोळी. मूल दिवसभर झोपे. भूक लागली तरी रडत नसे, आणि पुष्कळ मुले अशीच झिजून गेली. १९३१ सालच्या शाही मजूर आयोगापर्यंत ही गोष्ट पोहोचली होती. आमच्या जुन्या पुढाऱ्यांनी पाळणाघरांची मागणी लावून धरली तिच्यामागे हेही एक कारण होते. अफूविषयीचा जो राग आम्ही त्या वहिनींपुढे ओकलो तो आम्हांला या परंपरेतून मिळालेला होता. तो खोटा नव्हता, फक्त चुकीच्या दारात नेला गेला.

सरकारचेही असेच झाले. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला. गुन्ह्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी. रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचे तर चार-पाच परवाने, आणि ते सगळे एकाच वेळी चालू हवेत. एक हाती पडेतो दुसऱ्याची मुदत संपे. औषधवाल्यांनी कपाटे रिकामी केली. त्यांना दोष कसा द्यावा? दहा गोळ्यांच्या नफ्यासाठी तुरुंगाची जोखीम कोण घेईल? पुढल्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. आणि त्याच वर्षांत मंदसौर, नीमच, चितोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकत होती, तिचा चीक परदेशी औषध कारखान्यांना जात होता. पिकवणारा इथला, दुखणेकरी इथला, आणि औषध मात्र बाहेर.

तिकडे दरम्यान वेदनेकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. लंडनमध्ये सिसिली सॉण्डर्स ही आधी परिचारिका, मग रुग्णालयातली समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेली बाई. तिने पाहिले की रोगी किंचाळेपर्यंत थांबून औषध देण्यात अर्थ नाही. घड्याळ लावून, वेदना परतण्याच्या आधीच मात्रा द्यावी. १९६७ साली तिने सेंट ख्रिस्तोफर्स शुश्रूषागृह काढले. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीच रीत मान्य केली: शक्यतो तोंडाने द्यावे, घड्याळाप्रमाणे द्यावे, पायरीपायरीने वाढवावे. त्याच साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झाले. १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली, आणि केरळात ही सेवा गावोगाव पोहोचली. कायदा सुधारायला मात्र २०१४ साल उजाडले. मॉर्फिनसह सहा औषधे अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना अनेक परवान्यांच्या जागी एक मान्यता पुरेशी झाली.

याचा अर्थ तराजू फेकून द्यावा असा कोणी करू नये. अमेरिकेत १९९६ सालापासून ऑक्सिकॉन्टिन नावाचे याच जातीचे औषध व्यसनाचा धोका कमी असल्याचे सांगून विकले गेले. विकणाऱ्या कंपनीने २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. तोवर गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली होती. नफ्याच्या हाती माप गेले म्हणजे काय होते हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

वेदनाशमनाचे काम करणारा औषधनिर्माता नेमके काय करतो, ते आम्ही गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिले. आमच्या दुसऱ्या एका सभासदासाठी आम्ही स्वतः मुंबईला गोळ्या आणायला गेलो. खिडकीमागे एक तरुण मुलगी होती. तिने विचारले, रुग्णाचे मूत्रपिंड कसे आहे? ते बिघडले असेल तर मॉर्फिनचा अंश अंगात साठत जातो. सुई चालू होती का? सुईच्या दहा मिलिग्रॅमांना तोंडाने साधारण तीस लागतात, हे तिने कागदावर मांडून दाखवले. दर चार तासांनी एक मात्रा. मध्येच कळ आली तर दिवसाच्या एकूण औषधाच्या सहाव्या भागाइतकी जादा. पहिल्या दिवसापासून जुलाबाचे औषध बरोबर द्यायचेच, कारण याने कोठा हटकून बांधतो. रोगी फार गुंगू लागला, श्वास मंद झाला, तर लगेच कळवायचे. मग तिने गोळ्या दोनदा मोजल्या, वहीत लिहिल्या, आमची सही घेतली आणि म्हणाली, "काका, उरल्या तर परत आणून द्या. घरी ठेवू नका."

त्या रात्री तो माणूस झोपला. सकाळी त्याने चहा मागितला आणि मुलाला वर्तमानपत्र वाचायला लावले. पुढे दोन महिन्यांनी तो गेला. उरलेल्या अकरा गोळ्या आम्ही नेऊन दिल्या; तिने त्या मोजून घेतल्या.

२०११ सालच्या त्या वहिनी अजून त्याच चाळीत राहतात. आम्ही वर्गणीच्या निमित्ताने त्या गल्लीत जातो. त्यांच्या दारात उभे राहून हे सारे सांगणे अजून आमच्याने झालेले नाही.