ग्लिच संगीत
ध्वनियंत्रणेतील बिघाडांतून घडवलेला इलेक्ट्रॉनिक संगीतप्रकार. जपानी संगीतकार यासुनाओ तोने यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास टाचणीने भोके पाडलेली चिकटपट्टी सीडीवर लावली. प्लेअरची त्रुटिदुरुस्ती तिथे तोकडी पडली आणि अनपेक्षित, तुटक आवाज उमटले. जर्मनीच्या ओव्हल या गटाने १९९४ च्या ‘सिस्टेमिश’मध्ये अडखळणाऱ्या सीडींतून विलक्षण मृदू संगीत साधले. पुढे हे काम मॅक्स/एमएसपी, सुपरकोलायडर यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये होऊ लागले. बफरमधला तुकडा वेगाने पुन्हापुन्हा वाजवणे, बिटसंख्या घटवून आवाज खरखरीत करणे ही नेहमीची तंत्रे. सर्वांत समृद्ध तंत्र कणसंश्लेषणाचे: ध्वनीचे साधारण १ ते १०० मिलिसेकंदांचे कण करून ते नव्याने रचतात. कण विरळ असता सुटी टिकटिक ऐकू येते. घनता वाढवली की त्यांचा सलग नाद होतो.