कागदावरचे पैलवान

करमाडात आम्हा बँकवाल्यांना लिलाव माहीत तो जप्त ट्रॅक्टरचा. २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईत चक्क क्रिकेटपटूंचा लिलाव झाला! धोनी पंधरा लाख डॉलरना गेला, सायमंड्स साडेतेरा लाखांना. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर आमच्या रोखपालांनी आठही संघांचा ताळेबंद मांडला. सायमंड्स, गिलख्रिस्टवाला डेक्कन चार्जर्स पहिला. सर्वांत स्वस्तात विकला गेलेला राजस्थान शेवटचा. बेरीज बिनचूक!

१ जूनला नवी मुंबईत राजस्थानने शेवटच्या चेंडूवर धोनीच्या चेन्नईला हरवून चषक नेला. डेक्कन चौदांपैकी दोन सामने जिंकून तळाशी. राजस्थानचा कर्णधार शेन वॉर्न होता अवघा साडेचार लाखांचा!

लिलावात किंमत ठरते, लायकी मैदानात. आमच्या बढतीची यादी करणाऱ्या साहेबांना हे कुणी कळवील काय?