एका पानामागच्या चार भाषा



परीक्षेचा निकाल, रेल्वेचे आरक्षण, विजेचे बिल हे सारे आज आपण घरबसल्या पडद्यावर पाहतो. आपल्याला दिसते ते एकच पान. परंतु त्यामागे निदान तीन-चार संगणकभाषा राबत असतात. “आमच्या मुलाने कोणती एक भाषा शिकावी?” असे विचारणाऱ्या पालकांनी हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा.

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपाने साठवावी, असा विचार मांडला. १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा रचली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ म्हणून प्रसिद्धीस आली. काय हवे एवढेच तिला सांगायचे; ते कसे शोधायचे हे यंत्राने ठरवायचे. मात्र पगाराचा हिशेब करून पत्रक छापणे हे तिचे काम नव्हे. म्हणून तिची वाक्ये कोबोलसारख्या भाषेच्या पोटात घालण्याची रीत पडली. म्हणजे भाषांची ही सरमिसळ वेबच्या जन्माआधीचीच आहे.

पुढे जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. तिच्याबरोबर पानाची मांडणी सांगणारी ‘एचटीएमएल’ आली. १९९५ हे वर्ष तर मोठे महत्त्वाचे. त्या वर्षी रासमुस लेर्डॉर्फ यांनी ‘पीएचपी’ प्रसिद्ध केली. ती दूरच्या संगणकावर बसून तक्त्यांतील माहिती पानात भरते. त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत ‘जावास्क्रिप्ट’चा पहिला आराखडा उभा केला. ती वाचकाच्याच संगणकावर चालते. अशा रीतीने एका पानासाठी चार भाषा एकत्र नांदू लागल्या.

पण लक्षात घ्या, धोका असतो तो सांध्यावर. समजा, विद्यार्थ्याचे नाव विचारणारी एक चौकट आहे. तिच्यात लिहिलेला मजकूर कार्यक्रमाने जसाच्या तसा एसक्यूएलच्या वाक्याला चिकटवला, तर एखादा लबाड मनुष्य नावाऐवजी हुकूमच लिहून पाठवतो आणि यंत्र तो इमाने पाळते! या दोषाचे वर्णन १९९८ मध्येच प्रसिद्ध झाले होते. तरीही पुढे अमेरिकेत याच मार्गाने तेरा कोटींहून अधिक कार्डांचे क्रमांक चोरीस गेल्याचे २००९ च्या आरोपपत्रात नमूद झाले.

यावरचा उपाय साधा आहे. प्रवेश-अर्ज आठवा. छापील मजकूर ठरलेला असतो, आपण फक्त रिकाम्या जागा भरतो. रिकाम्या जागेत काहीही लिहिले तरी अर्जाचे नियम बदलत नाहीत. तसेच वाक्य आधी वेगळे पाठवावे आणि मजकूर मागाहून वेगळा द्यावा. मग मजकूर हा मजकूरच राहतो, त्याचा हुकूम होत नाही.

सर्व कामे एकाच भाषेत व्हावीत, असे प्रयत्नही झाले. २००९ मध्ये आलेल्या ‘नोड’मुळे जावास्क्रिप्ट दोन्ही बाजूंस चालू लागली. तरी अशा कामात पानाची मांडणी बहुधा एचटीएमएलकडे आणि तक्ते पुष्कळदा एसक्यूएलकडेच राहिले. ज्याचे काम त्यानेच करावे, हेच खरे.

मित्रहो, आपल्यातील कित्येक मुले घरी उर्दू, बाजारात मराठी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. कोठे कोणती भाषा बोलावी, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. तेव्हा अनेक संगणकभाषांचे भय बाळगू नका. एक भाषा पक्की करा, एसक्यूएलची ओळख करून घ्या, आणि दोन भाषा जेथे भेटतात तेथे डोळ्यांत तेल घालून पाहा. त्या सांध्यावर कोणाचे तरी गुण, कोणाचे पैसे, कोणाची अब्रू विसंबून असते. तो सांधा पक्का ठेवणे ही उद्या तुमची जबाबदारी आहे.